कुत्र्याचं नाव कोणत्या अक्षरावरून?

उर्से गावात पिल्लू आणलं की घरात पहिली चर्चा नावाच्या अक्षराची.

आपल्याकडं जुनी अक्षरं दोन. ‘व’चा वाघ्या. खंडोबाच्या भक्तालाही वाघ्याच म्हणतात आणि देवाच्या सोबत कुत्रा असतोच. ‘ख’चा खंड्या, म्हणजे साताऱ्याच्या शाहू महाराजांचा कुत्रा, त्याची समाधी संगम माहुलीला आहे. रायगडावरचा वाघ्याचा पुतळा मात्र १९३६ सालचा. शिवकाळात असा कुत्रा होता का, यावर वाद आहे. २०१२ साली पुतळा काढला आणि पुन्हा बसवलाही.

इंग्रजीबरोबर ‘ट’ आला: टॉमी, टायगर. टायगर म्हणजे वाघ्याच की! अक्षर बदललं, अर्थ तोच राहिला.

आता कामाचं. मावळात बिबट्या फिरतो आणि कुत्र्यालाच आधी उचलतो. रात्री एका हाकेत आत येणारा कुत्रा वाचतो. म्हणून नाव छोटं, ठसठशीत ठेवा. शेजारच्या कुत्र्याचं अक्षर टाळा, नाहीतर बोलवायचं एकाला आणि धावायचा दुसरा.

आमच्या वस्तीवर दोन वाघ्या आहेत, म्हणून मी ‘म’ धरला: मोत्या. तुमच्याकडं कोणतं अक्षर चालतं?