कराची ते मुंबई : अंतर किती, वेळ किती?

कराचीहून मुंबई किती लांब, असे कुणी विचारले तर आपण नकाशावर पट्टी ठेवाल आणि सांगाल, सुमारे ८८० किलोमीटर. उत्तर बरोबर आहे. पण विमानाची वाट नुसत्या पट्टीने मोजून भागत नाही. ते कसे, हे याच दोन शहरांच्या इतिहासात पाहू या.

१९२९ साली इम्पीरियल एअरवेजची विमाने विलायतेचे टपाल कराचीपर्यंत आणू लागली. घोडे अडले ते तिथून पुढे. हजारो कोस उडत आलेले मुंबई-मद्रासचे पत्र कराचीला आगगाडीत बसे! नेव्हिल व्हिंटसेंट या वैमानिकाने ही उणीव हेरली आणि जे. आर. डी. टाटांनी ती मनावर घेतली.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून टाटा स्वतः निघाले. विमान एका इंजिनाचे, चिमुकले ‘पस मॉथ’. वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. सोबत टपालाची सुमारे २५ किलोंची थैली. सरळ रेषेत यायचे तर साडेपाच तास पुरते. पण पेट्रोल भरायला अहमदाबादेस उतरणे आले, आणि तिथे पेट्रोलचे डबे आले होते चक्क बैलगाडीतून! या वळशाने वाट हजार किलोमीटरच्या वर गेली. जुहूच्या मैदानावर विमान टेकले तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. म्हणजे तास लागले सातच्या आसपास. पुढे मद्रासपर्यंतचा टप्पा व्हिंटसेंट यांनी पुरा केला.

त्यातून पावसाळा आला की जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. मग विमानांना पुणे गाठावे लागे. मुंबई जागच्या जागीच असे, पण विमानाला ती लांब होई.

लक्षात घ्या, १९३२ साली सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. टाटा निघाले आणि उतरले ते एकाच इलाख्यात. १९३६ मध्ये सिंध वेगळा प्रांत झाला. १९४७ मध्ये मधे देशाची सीमा आली. एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपापले आकाश बंद केले.

एवढे अंतर जेट विमान दीड तासात कापते. पण दुबईवरून जाण्याची पाळी आली, तर आधी सुमारे १,२०० किलोमीटर पश्चिमेला जायचे आणि मग १,९०० मागे यायचे. उड्डाणाचेच पाच तास झाले. विमान बदलण्यातला खोळंबा त्यात मिळवा, म्हणजे टाटांचे सात तास केव्हा उलटून गेले ते कळणारही नाही!

इंजिने सुधारली, वेग पाचपट वाढला. तेव्हा यापुढे दोन गावांमधले अंतर कुणी विचारले, तर किलोमीटर सांगा. पण मधली वाट उघडी आहे ना, हेही विचारून घ्या.