तुरुंगातील बंद्यांची सुरक्षितता : घरच्यांना काय माहीत हवे?

विलेपार्ले, अंधेरी, जोगेश्वरी भागातून एखाद्याला अटक झाली आणि न्यायालयीन कोठडी मिळाली, की पुरुषांना बहुतेक वेळा आर्थर रोड किंवा तळोजा तुरुंगात आणि महिलांना भायखळ्याला पाठवतात. घरचे वकील आणि जामिनाच्या मागे लागतात. पण आतला माणूस सुखरूप आहे का, हेही तितकेच महत्त्वाचे.

धोका कुठून येतो?
पहिले कारण गर्दी. आर्थर रोडची मूळ क्षमता 804 होती, पण तिथे कित्येक वर्षे तिच्या कितीतरी पट बंदी राहिले. गर्दीत भांडणे, आजार, दादागिरी सगळेच वाढते. देशभरात 2022 अखेर सुमारे 76 टक्के बंदी न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता.

दुसरे कारण, आत काय घडते ते बाहेर कळत नाही. जून 2017 मध्ये भायखळा तुरुंगात मंजुळा शेट्ये या महिला बंदीचा मृत्यू झाला. दोन अंडी आणि पाच पाव कमी पडले म्हणून मारहाण झाली, असा आरोप होता. सोबतच्या महिला बंदी बोलल्या, म्हणून प्रकरण बाहेर आले आणि तुरुंगातील सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. त्याआधी, जुलै 2015 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सर्व तुरुंगांत जास्तीत जास्त दोन वर्षांत सीसीटीव्ही बसवा, असा आदेश दिला होता.

कायदा काय सांगतो?
• भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 479 : पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर, इतरांना अर्ध्या काळानंतर सुटका मिळू शकते. त्यासाठी न्यायालयात अर्ज करणे ही तुरुंग अधीक्षकाची जबाबदारी आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना, तसेच एकाहून जास्त खटले चालू असलेल्यांना हे लागू नाही.
• कलम 196 : कोठडीत मृत्यू झाल्यास दंडाधिकाऱ्याकडून चौकशी होते. तिची खबर नातेवाइकांना द्यावी लागते.
• असा मृत्यू 24 तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवावा लागतो.

घरच्यांनी काय करावे?
• मुलाखत चुकवू नका. जाता येत नसेल तर ई-मुलाखतीसाठी नाव नोंदवा. ज्याची चौकशी करणारे कोणी आहे, त्याला हात लावताना समोरचा विचार करतो.
• औषधे चालू असतील तर कागद वकिलामार्फत न्यायालयात द्या आणि उपचाराचा आदेश मागा.
• मारहाण कळली तर तारीख, वेळ, जखम लिहून ठेवा. वकिलामार्फत लगेच न्यायालयाकडे वैद्यकीय तपासणी मागा.
• वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक आहे. कोठडीतील प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो.

लोक काय म्हणतील, या शरमेने काही घरे गप्प बसतात. त्या गप्प बसण्याचा त्रास आतल्या माणसालाच होतो. गुन्हा झाला की नाही, ते न्यायालय ठरवेल. तोवर त्याचा जीव सांभाळणे ही सरकारची जबाबदारी आहे, आणि ती मागणे हा आपला हक्क.