शिराझ

वाइनच्या बाटलीवर ‘शिराझ’ वाचलं की इराणातलं कवी हाफिजचं गाव आठवतं. पण गोत्र तिथलं नाही. डीएनए तपासणीत या द्राक्षाचे आईबाप फ्रान्सचेच निघाले: मोंद्यूझ ब्लांश आणि द्युरेझा. ऱ्होन खोऱ्यात हे द्राक्ष ‘सिरा’. 1832 मध्ये जेम्स बझ्बीने कलमं ऑस्ट्रेलियात नेली आणि पुढे तिथे ‘शिराझ’ रुळलं. सोबत चवही पालटली. उत्तर ऱ्होनच्या थंड उतारांवरच्या वाइनला मिरीचा झणका. काळ्या मिरीतलं रोटंडोन हे गंधद्रव्यच द्राक्षाच्या सालीत उतरतं. ऑस्ट्रेलियातल्या बरोसाच्या उन्हात ते मागे हटतं. घोट दाट, पिकलेल्या ब्लॅकबेरीचा, थोडा चॉकलेटी, अंमळ जास्त चढणारा. गंमत म्हणजे, मिरीदार, हलकी वाइन केली की काही ऑस्ट्रेलियन बाटल्यांवर आता मुद्दाम ‘सिरा’ छापतात.