प्रशिक्षकाची कारकीर्द अभ्यासायची कशी?

'निवृत्त फुटबॉलपटू ते प्रशिक्षक' असा विषय संशोधनासाठी घ्यायचा विचार असेल, तर आधी एक उदाहरण सोबत तपासून पाहू. मी मालवणचा. आमच्याकडे फुटबॉलचा विषय निघाला की बोलणं तेरेखोल नदी ओलांडून गोव्यात पोचतंच. म्हणून उदाहरण तिथलं घेतो: डेरिक परेरा.

परेरा हे वास्कोच्या साळगावकर क्लबचे बचावपटू. भारताकडूनही खेळले. पहिली अडचण इथेच येते. गोल करणाऱ्याचं नाव बातमीत छापून येतं, गोल अडवणाऱ्याचं क्वचितच. पुढे तो प्रशिक्षक झाला की मैदानावरच्या नोंदीतून जवळजवळ गायबच होतो. उरतो फक्त निकाल.

ते निकाल असे. परेरांच्या हाताखाली मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. नंतर ते पुणे एफसीकडे आले. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये हा संघ उपविजेता ठरला. २०१३ मध्ये ते साळगावकरकडे परतले. डिसेंबर २०२१ मध्ये हुआन फेर्रांदो हंगामाच्या मध्येच एटीके मोहन बागानला गेले, तेव्हा एफसी गोवाची धुरा परेरांकडे आली.

आता दुसरा रकाना काढा: क्लबांचं काय झालं? महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसीचा आय-लीगमधला शेवटचा हंगाम २०१४-१५ चा. साळगावकरने २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतलं.

दोन्ही रकाने शेजारी ठेवले की लगेच लिहावंसं वाटतं: 'क्लब बंद पडत गेले, म्हणून प्रशिक्षक फिरत राहिला.' थांबा! तारखा पाहा. परेरांनी पुणे सोडलं २०१३ मध्ये, क्लब संपला त्यानंतर. नंतरची घटना आधीच्या घटनेचं कारण कशी होईल? असं आकर्षक वाक्य सुचलं की आधी सनावळी तपासायची, ही सवय आत्ताच लावून घ्या.

मग क्लब बंद पडण्याचा आपल्याशी संबंध काय? संबंध साधनांचा आहे. करार, सरावाची वेळापत्रकं, संघनिवडीची टिपणं हे कागद क्लबच्या कार्यालयात असतात. कार्यालयच उठलं की ते रद्दीत जायला वेळ लागत नाही. वर्तमानपत्रात निकाल सापडेल, पण सरावात काय शिकवलं ते सापडणार नाही. ते माहीत असतं प्रशिक्षकाला, राखीव खेळाडूंना, मैदानाची देखभाल करणाऱ्यांना. त्यांच्या मुलाखती प्रबंधाच्या शेवटच्या वर्षासाठी राखून ठेवू नका. परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करा, आणि 'आठवतं का?' विचारण्याआधी 'जुनी वही आहे का?' असं विचारा.

शोधताना एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवा: २००७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीगची जागा आय-लीगने घेतली. एकाच नावाने शोधलंत तर अर्धी कारकीर्द हातातून निसटेल.

परेरांच्या नावावर निदान करंडक तरी आहे. तुमच्या गावच्या मैदानावर पोरांना शिकवणाऱ्या जुन्या खेळाडूच्या नावावर तोही नसेल. त्याची कारकीर्द कुठल्याच कार्यालयात नाही, फक्त माणसांच्या आठवणीत आहे. सराव म्हणून पहिली मुलाखत त्याचीच घ्या.