पडद्यातून येणारा आवाज

लांबून पाहिलं तर तो स्पीकर वाटतच नाही. तांबूस रंगाची, किंचित बाकदार जाळी आणि खाली बुटके लाकडी पाय. थंड देशातला खोली गरम करायचा हीटरच जणू. बहरीनमध्ये हीटर कोणाला हवाय, असं म्हणून तुम्ही पुढे निघाल. पण मुक्काम हलवणाऱ्या कुणा जुन्या रहिवाशाच्या सामानात अशी जोडी दिसली तर थांबा. तो बहुधा क्वाडचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर असेल, इंग्लंडमधल्या हंटिंग्डन गावी १९५७ ते १९८५ या काळात तयार झालेला. घासाघीस सुरू करण्यापूर्वी त्याचा थोडा इतिहास माहीत असलेला बरा, कारण चुकीचा ॲम्प्लिफायर जोडला तर ही जोडी एका संध्याकाळीही निकामी होऊ शकते.

आपल्या ओळखीचा स्पीकर म्हणजे चुंबक, तारेचं वेटोळं आणि कागदाचा कोन. तो १९२५ साली अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी घडवला. गंमत अशी की याच केलॉगला १९३४ साली अगदी वेगळ्या जातीच्या स्पीकरचं पेटंट मिळालं. त्यात वेटोळं नाही, कोनही नाही. दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मधोमध एक पातळ ताणलेला पडदा, त्यावर हजारो व्होल्टचा स्थिर विद्युतभार, आणि पत्र्यांवर गाण्याचा विद्युतसंदेश. पत्रे पडद्याला आळीपाळीने ओढतात, ढकलतात आणि हवा हलते. कल्पना सुंदर होती, पण पडद्यासाठी लागणारी प्लॅस्टिकची फिल्म तेव्हा मिळत नव्हती. ती दुसऱ्या महायुद्धानंतर आली. मग क्वाडच्या पीटर वॉकर यांनी १९५५ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात या स्पीकरचं गणित मांडलं आणि दोन वर्षांनी तो बाजारात आणला. त्या साली मनामातल्या कुणी तो मागवला असता तर बिल रुपयांत झालं असतं. बहरीनचा दिनार आला १९६५ मध्ये.

पडद्याला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून तंबोऱ्याची जवारी किंवा गायकाने घेतलेला श्वास त्यातून जसा ऐकू येतो तसा कागदी कोनातून येत नाही. हे माझं मत, आणि त्यावर वाद घालायला मी तयार आहे. पण याची किंमत मोजावी लागते ती ॲम्प्लिफायरला. दोन पत्रे आणि मध्ये हवा, म्हणजे विजेच्या भाषेत हा स्पीकर नव्हेच, हा कपॅसिटर आहे. कपॅसिटर भरायचा आणि रिकामा करायचा, सेकंदाला हजारो वेळा. स्वर जितका वरचा तितका त्याचा विरोध कमी: खालच्या स्वरांना तीस ओहमच्या वर आणि अगदी वरच्या टोकाला जेमतेम दोन. आठ ओहम गृहीत धरून बांधलेला ॲम्प्लिफायर इथे गोंधळतो.

लांब तारेतून कपॅसिटर चालवायचा कसा, हा प्रश्न मात्र संगीतापेक्षा कितीतरी जुना आहे, आणि त्याच्या इतिहासाचं एक पान बहरीनभोवतीच्या या समुद्रातच लिहिलं गेलं. समुद्राखालची तारेची केबल म्हणजेही एक लांबलचक कपॅसिटर: आत तांबं, भोवती गटापर्चाचं आवरण, बाहेर खारं पाणी. १८५८ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिकखालून पहिली केबल पार गेली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सुमारे १६ तास लागले. वाइल्डमन व्हाइटहाउस या गृहस्थांना वाटलं, दाब कमी पडतोय. त्यांनी सुमारे २,००० व्होल्ट लावले. आधीच कमकुवत असलेली केबल काही आठवड्यांत मेली. विल्यम थॉमसन, पुढचे लॉर्ड केल्विन, आधीपासून उलटं सांगत होते: दाब कमी ठेवा, ऐकणारं यंत्र नाजूक करा.

ही चूक पचवल्यावर १८६४ साली आखातातली केबल पडली: ग्वादरहून मुसंदम, तिथून बुशहर आणि शेवटी शत-अल-अरबच्या मुखाशी फाव. बहरीनला ती टेकली नाही. ती वाहून आणणाऱ्या जहाजांत 'ट्वीड' आणि 'असाये' ही दोन होती, दोन्ही मुळात मुंबईच्या गोदीत बांधलेल्या लढाऊ आगबोटी. नंतर विकल्या जाऊन शिडाची जहाजं झालेल्या. मुसंदमला केबल जिथे किनाऱ्याला लागली त्या खाडीचं इंग्रजी नावही मुंबईकरांच्या ओळखीचं आहे: एल्फिन्स्टन. ही केबल टिकली. १८६५ पासून हिंदुस्थान आणि लंडन यांच्यात तारा जाऊ लागल्या.

व्हाइटहाउसचा मोह हायफायच्या जगात आजही जिवंत आहे. स्पीकर हळू वाजतो? मोठा ॲम्प्लिफायर लावा! जुन्या क्वाडची मर्यादा ३३ व्होल्ट आहे, आणि आठ ओहमला १०० वॉट देणारा ॲम्प्लिफायर सहज ४० व्होल्टची टोकं गाठतो. ती टोकं पडद्यावर पोचली की आत ठिणगी उडते, फिल्मला भोक पडतं आणि जुन्या स्पीकरला यापासून संरक्षण नाही. (१९८१ च्या नव्या क्वाडला होतं, तो धोका ओळखून स्वतःच शॉर्ट व्हायचा, आणि मग ॲम्प्लिफायरने आपलं बघायचं.) क्वाडच्या स्वतःच्या ॲम्प्लिफायरांचा इतिहास म्हणजे या ३३ आकड्याभोवतीची कसरत आहे. १९५३ चा व्हॉल्व्हचा क्वाड टू फक्त १५ वॉटचा, म्हणून निर्धोक. १९६७ चा ट्रान्झिस्टरचा ३०३ असा बांधला होता की त्याचं व्होल्टेज या मर्यादेच्या आसपासच थांबावं. १९७५ चा ४०५ मात्र १०० वॉटचा; जुन्या स्पीकरसाठी त्यात मर्यादा घालणारा बदल करून घ्यावा लागे. विकणाऱ्याकडे ४०५ दिसला तर तो बदल झालाय का, हे आधी विचारा.

वॉटपेक्षा महत्त्वाचा आहे स्थिरपणा. कपॅसिटर जोडला की काही ॲम्प्लिफायर स्वतःच थरथरू लागतात. १९४७ चं विल्यमसनचं गाजलेलं सर्किट अनेकांनी घरी जुळवलं आणि हा अनुभव घेतला. म्हणूनच पुढे परीक्षण करणारे लोक आठ ओहमच्या जोडीला दोन मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावून ॲम्प्लिफायर तपासू लागले.

आता केबल, कारण दुकानदार सगळ्यात जास्त त्यावरच बोलतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत स्पीकरची वायर म्हणजे टेबललॅम्पची वायर. मग महागड्या, विणलेल्या केबल आल्या आणि त्यातल्या काहींची धारकता इतकी होती की काही ॲम्प्लिफायर जळलेसुद्धा. इलेक्ट्रोस्टॅटिकच्या बाबतीत हिशेब सोपा आहे. स्पीकरची धारकता मायक्रोफॅरॅडमध्ये आणि केबलची नॅनोफॅरॅडमध्ये, त्यामुळे वरच्या स्वरांवर परिणाम होतो तो मुख्यतः तारेच्या रोधाचा आणि प्रेरकतेचा. दहा मीटर बारीक वायरचा रोध जेमतेम पाऊण ओहम. साध्या स्पीकरला तो फारसा जाणवत नाही, पण दोन ओहमपर्यंत उतरणाऱ्याला वरच्या टोकाला सुमारे अर्धा डेसिबल खातो. उपाय स्वस्त आहे: दोन्ही तारा शेजारी शेजारी, पुरेशा जाड, आणि ॲम्प्लिफायर स्पीकरजवळ ठेवून दोन-तीन मीटरमध्ये काम भागवायचं.

बहरीनमध्ये याहून मोठी भानगड भिंतीतल्या सॉकेटमध्ये आहे. बेटावर वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. पण १९३२ ला तेल लागल्यावर तेल कंपनीने अवाली वसवलं, तिथे अमेरिकन पद्धतीची ११० व्होल्ट, ६० हर्ट्झ. समुद्रापलीकडे सौदीतही ६० हर्ट्झ. दोन्ही देशांच्या विजेच्या जाळ्यांना जोडताना मधे डायरेक्ट करंटचा टप्पा घालावा लागला, तो यामुळेच. १९८६ साली किंग फाहद कॉजवे खुला झाल्यापासून धाहरानचं सामान मनामात येणं सोपं झालं, आणि त्यात फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेले अमेरिकन ॲम्प्लिफायरही असू शकतात. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. असा ॲम्प्लिफायर ५० वर गरम होतो. आणि साध्या मोटरची रेकॉर्ड तबकडी ६० ऐवजी ५० वर चालवलीत तर काळी चारचा षड्ज थेट पांढरी चारच्याही किंचित खाली घसरतो!

क्वाडचा स्पीकर स्वतःही भिंतीतून वीज घेतो, पडदा भारण्यासाठी. खालच्या स्वरांच्या पडद्याला सुमारे ६,००० व्होल्ट, वरच्यांना १,५००. भारलेला पडदा धूळ ओढतो, आणि शमाल वाऱ्याच्या दिवसांत इथे धुळीची कमतरता नसते. त्यात ऑगस्टची दमट हवा मिसळली की तो भार गळू लागतो, एक बाजू हळू वाजते, कधी चुरचुरते. तेव्हा केबल बदलू नका. एसी लावून खोली कोरडी करा, खिडकीपासून स्पीकर दूर न्या, प्लग लावून दिवसभर तसाच राहू द्या. विकणाऱ्याच्या घरीही हेच करायला सांगा: आदल्या रात्री प्लग लावून ठेवा म्हणावं. सकाळी जाऊन मोनो रेकॉर्ड लावा, शक्यतो तंबोऱ्यावरचं संथ गाणं, आणि आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध उभा राहतो का ते पाहा. एका बाजूला सरकत असेल तर त्या बाजूचे पडदे थकलेत, आणि भाव त्या हिशेबाने कमी करून मागा.