कंदिलावरचा ठपका
कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस १९१६ साली औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या काचकारखान्याचा प्रभाकर कंदील सातारा-सांगलीकडच्या घरोघरी पोचला, आणि त्याच्या उजेडात पाढे घोकून पुढे कचेरीत चिकटलेल्या पोराला चष्मा लागला की वडीलधारी मंडळी त्याचा ठपका बेलाशक त्या कंदिलावर ठेवीत. हा समज निव्वळ अडाणीपणाचा म्हणता येत नाही. कारण १८६७ मध्ये ब्रेस्लाव येथे दहा हजारांवर विद्यार्थ्यांचे डोळे तपासून लघुदृष्टी इयत्तेगणिक वाढते हे दाखविणाऱ्या हेर्मान कोन या नेत्रवैद्यानेही वर्गातील अपुऱ्या उजेडाला दोष दिला होता.

वस्तुतः लघुदृष्टीत विकार असतो तो नेत्रगोलाच्या वाढीत. जन्मतः सुमारे १७ मिलिमीटर लांब असलेला हा गोल २४ च्या आसपास थांबावयाचा, तो तसा न थांबता मागे लांबतच राहिला, तर दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते, आणि एका मिलिमीटरच्या जादा लांबीपोटी चष्म्याचे अडीच-तीन नंबर भरावे लागतात. शिवाय बाहेरचे श्वेतपटल मागील बाजूस पातळ होते, आतले रक्तवाहिन्यांचे आवरण विरळ होते, दृष्टिपटल ताणले जाते, आणि नेत्रदर्शकातून पाहणाऱ्यास दृष्टिमज्जेच्या मुखाशी फिकट चंद्रकोर दिसू लागते.

मिरजेस मिशनरी डॉक्टर वानलेससाहेबांनी १८९४ साली रुग्णालय उघडल्यावर मोतीबिंदूचे रोगी दूरदूरच्या मुलखांतून येत. पण फळ्यावरचे अक्षर न दिसणाऱ्या पोराला तिथवर नेणार कोण? मास्तर त्याला ‘ढ’ ठरवून मोकळे होत.

गंमत अशी, की १९२४ पासून साताऱ्यात भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातील मुले स्वावलंबनासाठी उन्हातान्हात राबत होती, आणि चीनमधील ग्वांगझू येथे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रोज ४० मिनिटे जादा बाहेर काढलेल्या शाळकरी मुलांत तीन वर्षांत लघुदृष्टीचे नवे प्रमाण ३०.४ टक्के, तर इतरांत ३९.५ टक्के आढळले. लख्ख उजेडात दृष्टिपटलात स्रवणारे डोपामीन नेत्रगोलाच्या लांबण्यास आवर घालते, असे बहुतेक संशोधक मानतात. भाऊरावांच्या पदरी या शास्त्राचे श्रेय बांधणे भाबडेपणाचे होईल. त्यांना गरीब पोरांच्या शिक्षणाचा खर्च भागवावयाचा होता. कंदिलाला मात्र गुन्ह्याच्या मानाने शिक्षा फार झाली: रात्रीच्या मंद ज्योतीपेक्षा दिवसाचे घराबाहेरचे ऊन हुकणे अधिक महागात पडते, आणि तेही चष्मा लागण्याआधीच्या वर्षांत, कारण एकदा लांबलेला गोल मागाहून उन्हाने वा भिंगाने आखूड होत नाही.