‘स्ट्रेफ’: शापातून निघालेले क्रियापद

खाली झेपावलेल्या विमानातून जमिनीवरील माणसांवर गोळ्यांचा वर्षाव करणे, यास इंग्रजीत ‘स्ट्रेफ’ म्हणतात. शब्द मुळात जर्मन, अर्थ केवळ ‘शिक्षा करणे’. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि ‘देव इंग्लंडला शासन करो’ ही घोषणा जर्मनीत पोस्टकार्डांवरदेखील झळकू लागली. कवी एर्न्स्ट लिसाउअर तिचा जनक मानला जातो. खंदकांतील ब्रिटिश सैनिकांनी या शापाचीच थट्टा आरंभली. पहाटे शत्रूच्या तोफा धडाडल्या, की तो म्हणे ‘सकाळचा स्ट्रेफ’! मरणाच्या दारातला विनोद हा. त्यावर हसणारे कित्येक त्याच माऱ्यात गेले. दुसऱ्या महायुद्धापर्यंत शब्द विमानांच्या माऱ्यासाठी रूढ झाला होता, आणि त्यातली थट्टा कुणाच्या स्मरणातही उरली नव्हती.